हाल बेकेन्री?

पुण्याला सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. बेळगाव-निपाणीची मंडळी पुण्याला मुलाकडे किंवा लेकीकडे गेली की एखाद्या संध्याकाळी तिथं हमखास नेली जातात. मीही गेले आहे. बाग सुरेख आहे. दहा एकरांत पाणी, दगड, इवलेसे पूल आणि न्हाव्यानं कातरल्यासारखी झाडं. जपानमधल्या ओकायामा शहरात कोराकुएन नावाची तीनशे वर्षांची बाग आहे, तिच्या धर्तीवर ही केलेली. हिरवळीवर चुकून पाय पडला की रखवालदाराची शिटी वाजते. ज्या माणसानं अख्ख्या महाराष्ट्राला पोट धरधरून हसवलं, त्याच्या नावाच्या बागेत मोठ्यानं हसायची चोरी! पु. ल. जपानला जाऊन आले होते, ‘पूर्वरंग’मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलंही आहे, एवढा धागा धरून नाव दिलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. जपानी माणूस म्हणजे मान लववणारा, हळू बोलणारा, घड्याळाकडे बघणारा. त्याचा आणि हसवणुकीचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो चांगला चारशे वर्षांचा आहे, हे मला २०२३ साली एप्रिलमध्ये कळलं.

माझी मुलगी आणि जावई ओसाकाला असतात. त्यांच्याकडे महिनाभर राहिले. पाहुण्यांना दाखवतात ते सगळं दाखवून झालं: किल्ला, नाराची हरणं, फुलं. (फुलं मी पोचेपर्यंत बरीचशी गळून गेली होती, त्यामुळे त्यांबद्दल न लिहिलेलं बरं.) मग एक दिवस मुलगी म्हणाली, “आई, आज तुला हसण्याचं म्युझियम दाखवते.” उमेदाहून हानक्यू कंपनीची तपकिरी आगगाडी धरली. वीसेक मिनिटांत इकेदा आलं. बेळगावापेक्षा बरंच लहान गाव. स्टेशनाजवळच्या बाजारपेठेत, दुकानांच्या रांगेत, निपाणीतल्या एखाद्या तंबाखूच्या पेढीएवढी ती इमारत. नगरपालिकेनं २००७ साली उघडलेलं हे ‘राकुगो’चं संग्रहालय. तिकीट नाही. चपला काढाव्यात की नाही एवढाच प्रश्न.

राकुगो म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगायचं तर एका माणसानं गादीवर बसून सांगितलेली विनोदी गोष्ट. तो उठत नाही, फिरत नाही. किमोनो घालून गुडघे मोडून बसतो. हातात एक मिटलेला पंखा आणि एक पंचा. पंखा कधी काठी होतो, कधी लेखणी, कधी दारूची सुरई. पंचा कधी पाकीट होतो, कधी पत्र. मान डावीकडे वळली की घरमालक बोलतो, उजवीकडे वळली की भाडेकरू. नवरा, बायको, वाणी, चोर, सगळे एकाच तोंडातून. सुरुवातीला इकडच्यातिकडच्या गप्पा मारून माणसं जमवून घ्यायची. त्याला ते ‘माकुरा’ म्हणतात, म्हणजे उशी. मग मूळ गोष्ट. आणि शेवटी एक वाक्य, ज्यावर गोष्ट धाडकन पडते आणि तिथंच संपते. त्या शेवटाचं नावच ‘ओची’, म्हणजे पडणं. वाक्य झालं की सांगणारा नमस्कार करून उठतो. पुढं स्पष्टीकरण नाही, उपदेश तर नाहीच.

मला आधी आठवलं आपलं कीर्तन. बुवांचा पूर्वरंग, मग उत्तररंगातलं आख्यान, सगळी पात्रं एकट्या बुवांची, आणि पेंगणाऱ्यांना उठवण्यासाठी मध्येच सोडलेला एखादा फटाका. आणि तिथल्या कलेचं मूळही असंच प्रवचनात सापडतं. साकुदेन नावाचा बौद्ध भिक्षू होता. प्रवचनात सांगायच्या हजाराच्या आसपास गमतीच्या गोष्टी गोळा करून त्यानं १६२८ साली आठ भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ साधारण ‘झोप उडवणारं हसू’ असा होतो. श्रोते सगळीकडे सारखेच झोपतात म्हणायचे.

फरक इतकाच, की आपल्याकडे बुवा अखेर आरतीकडे नेतात; तिथल्या गोष्टीवाल्यानं देऊळ सोडलं आणि बाजाराचा रस्ता धरला.

ओसाका-क्योतोकडच्या राकुगोची तऱ्हा तोक्योपेक्षा वेगळी. इकडच्या सांगणाऱ्यापुढं एक छोटं मेज असतं, गुडघे झाकायला बुटकी फळी असते, मेजावर आपटायला लाकडाचा ठोकळा असतो आणि मध्येच आतून शामिसेन-ढोल वाजतात. मंडळी देवळाच्या आवारात, रस्त्यावर, उघड्यावर सांगायची. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायला आवाज हवाच. तोक्योच्या गोष्टीत गाडीवाल्याकडे सोबा खातात, ओसाकात तीच गोष्ट सांगताना उदोन खातात. पण खरा फरक बोलीचा. ओसाकाची गोष्ट ओसाकाच्या बोलीतच सांगायची. शाळेतल्या, रेडिओवरच्या भाषेत सांगितली तर ती मरते, असं मुलगी म्हणाली. हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचा चटका नंतर बसला.

इकेदालाच हे संग्रहालय का, त्याचं कारणही एक गोष्टच. ओसाकाचा एक माणूस. त्याच्या अंगात सारखी थंडी भरते. कोणी सांगतं, रानडुकराचं मांस खा, पण अगदी ताजं हवं. ताजं हवं तर इकेदाला जा, तिथं एक नामांकित शिकारी आहे. हा बर्फातून, वाट चुकत, दिसेल त्याला पत्ता विचारत इकेदाला पोचतो. शिकारी घरातलं मांस दाखवतो. हा विचारतो, ताजं आहे ना? शिकारी म्हणतो, परवाचं आहे. नको, ताजंच हवं. शेवटी शिकारी त्याला घेऊन डोंगरात जातो, डुक्कर दिसतं, बार काढतो. डुक्कर पडतं. आणि हा विचारतो, पण हे नक्की ताजं ना? शिकाऱ्याचं डोकं फिरतं. तो बंदुकीच्या दस्त्यानं डुकराला एक हाणतो. गोळी मुळी लागलेलीच नसते, डुक्कर नुसतं घेरी येऊन पडलेलं असतं. ते उठतं आणि तुरुतुरु डोंगरात निघून जातं. शिकारी म्हणतो, बघा, इतकं ताजं!

संग्रहालयात छोटासा मंच आहे, तिथं कार्यक्रम होतात. एरवी ध्वनिमुद्रणं ऐकता येतात. मुलगी कानात भाषांतर करत होती, त्यामुळे माझं हसू पॅसेंजर गाडीसारखं दोन स्टेशनं उशिरा पोचायचं. शेजारच्या आजीबाई हसून डोळे पुसायला लागल्या की मी हसायला सुरुवात करायची. डुकराच्या गोष्टीला मात्र मी वेळेवर पोचले.

मी अडकले ती चार नावांपाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर ओसाकाच्या राकुगोचे सांगणारे डझन-दीड डझनच उरले होते. कला संपली असंच धरून चालले होते सगळे. तेव्हा चार तरुण उभे राहिले: शोकाकु, बेइचो, कोबुन्शी आणि हारुदान्जी. त्यांतले कात्सुरा बेइचो १९४७ साली गुरूचे शिष्य झाले. त्यांनी नुसत्या येतात त्या गोष्टी सांगितल्या नाहीत. निवृत्त होऊन घरी बसलेल्या म्हाताऱ्यांकडे ते जायचे, तुम्हाला काय आठवतं ते सांगा म्हणायचे. एकाला सुरुवात आठवायची, दुसऱ्याला मधला तुकडा, शेवट कुठल्यातरी जुन्या पुस्तकात. असं जोडत जोडत त्यांनी बुडालेल्या गोष्टी वर काढल्या. १९९६ साली सरकारनं त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. २०१५ साली ते गेले. आज तिकडे दोनशेच्या वर सांगणारे आहेत, आणि २००६ पासून ओसाकात त्यांचं स्वतःचं, रोज चालणारं थिएटर आहे.

निघताना तिथं बसलेल्या एका आजोबांनी मुलीला विचारलं, “तुमच्याकडे असं काही आहे का?” मी अभिमानानं सांगितलं: कीर्तन आहे, कथाकथन आहे, पु. लं.चे एकपात्री प्रयोग होते. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न टाकला, “कुठल्या भाषेत?”

मी ‘मराठी’ म्हणायला तोंड उघडलं आणि मला मामा आठवले.

आमचे मामा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मीही निपाणीचीच. शिकले देवचंद कॉलेजात, म्हणजे जेवायला कर्नाटकात आणि लेक्चरला महाराष्ट्रात, कारण कॉलेज रस्त्यापलीकडे अर्जुननगरला. आता बेळगावला, टिळकवाडीत, पेन्शनीत काढलेले दिवस. पण गोष्ट म्हटली की निपाणीचा मामांचा कट्टा. वखारीत पानाची भुकटी नाकात जाऊन सगळे शिंकायचे, ते शिंकणं आटोपलं की रात्री मामा सांगायला बसायचे. पंखा नव्हता, पंचा मात्र होता.

त्यांची गाजलेली गोष्ट अशी. पुण्याच्या सदाशिव पेठेतली मुलगी लग्न होऊन निपाणीला येते. पहिल्याच सकाळी दार वाजतं. दारात लुगड्याचा काचा मारलेली, डोक्यावर घागर घेतलेली बाई. ती हाक देते, “हाल बेकेन्री?” नवी सून घाबरते. सासूबाई देवपूजेत, नवरा झोपलेला. ही बाई विचारते तरी काय? हाल हवेत का? बरं, पुण्याची मुलगी, उत्तर न देता गप्प बसणं रक्तात नाही. ती पदर खोचून म्हणते, “नकोत बाई! कालपासून झालेत तेवढे पुरे आहेत!” आणि दार लावून घेते. घरात त्या दिवशी बिनदुधाचा चहा होतो.

गोष्ट एवढीच. पण मामा ती तासभर सांगायचे. गवळणीची हाक पहिल्यांदा लांबून यायची, मग गल्लीच्या तोंडाशी, मग दारात. सुनेचं पुणेरी, सासूचं निपाणीचं, गवळणीचं कानडी, सगळं एकाच गळ्यातून. ‘पण’च्या जागी आपण ‘खरं’ म्हणतो, त्यावरून सुनेला वाटायचं की या गावात सगळे सारखी शपथ का घेतात, हा भाग वेगळाच. ज्याला कानडीत हाल म्हणजे दूध हे ठाऊक आहे आणि मराठीतले हालही ठाऊक आहेत, त्यालाच ही गोष्ट कळणार. दोन पायांवर उभी असलेली गोष्ट ती.

अशा गोष्टी आपल्याकडे सांगितल्या जात आल्या, आणि मोठ्या माणसांच्या कानांवरही गेल्या. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. बेळगावच्या कृष्णराव हरिहरांवरचं, म्हणजे रावसाहेबांवरचं, त्यांचं व्यक्तिचित्र त्यांच्याच आवाजात ऐका. कानडी हेलाचं ते मराठी काढून टाकलं तर रावसाहेब उरतात का? शंकर पाटील आपल्या शेजारचे, पट्टणकोडोलीचे. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्याबरोबर गावोगाव हिंडून त्यांनी कथाकथनाला तंबूत तमाशाला जमावी तशी गर्दी जमवली. पाटील १९९४ साली गेले, माडगूळकर २००१ साली, मिरासदार २०२१ साली. आपल्या कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबऱ्याच्या संमेलनांत जेवणानंतरचं कथाकथनाचं सत्र हे त्याच वेलीचं फूल. उद्‌घाटनाला हजर नसलेली माणसं त्या सत्राला असतात.

अशाच एका संमेलनाला मामांना बोलावणं आलं. गावाचं नाव लिहीत नाही. १९८६ च्या कानडी सक्तीविरोधी आंदोलनाला दोन-तीन वर्षं झाली होती. मामा मंचावर जायच्या आधी कार्यकर्त्यांतला एक जण आला, हात जोडून म्हणाला, “मामा, तेवढं कानडी नको. आमच्या पोरांच्या पाठीवरचे वळ अजून गेले नाहीत.” मामांनी त्याच्याकडे बघितलं आणि बरं म्हणाले. गोष्ट सांगितली. गवळण दारात आली आणि तिनं विचारलं, “दूध पाहिजे का?” पुढं सांगायला काही राहिलंच नाही. लोकांनी मान राखून टाळ्या वाजवल्या. परतीच्या टेम्पोत मामा बराच वेळ गप्प होते. सौंदलग्याच्या अलीकडे म्हणाले, “आज हाल झाले, खरं दूध नाही मिळालं.”

त्या कार्यकर्त्याला मी आजही दोष देत नाही. वळ खोटे नव्हते. पण सक्तीचं कानडी वेगळं आणि गवळणीचं कानडी वेगळं, हे आपण त्या वर्षांत एकमेकांना सांगू शकलो नाही. पुढं ते सांगायची सवयच गेली. मामांनी ती गोष्ट परत मंचावर सांगितली नाही, घरीच सांगायचे. मंचावर छापील मराठी आलं. कथा वाचून दाखवणारे आले. चांगले वाचतात, नाही असं नाही, पण वाचतात.

आमच्या शेजारी कानडी कुटुंब आहे. त्यांच्याकडे मी गंगावती प्राणेशांचे हास्याचे कार्यक्रम बघते. तो माणूस उभा राहून उत्तर कर्नाटकाच्या ठसक्यात तासन्‌तास बोलतो, बीचींच्या तिम्माचे किस्से सांगतो, आणि मी व शेजारच्या अक्का एकाच जागी हसतो. मुलीच्या भाषांतराशिवाय, पॅसेंजर न धरता. हे सुख दोन भाषांच्या माणसालाच. सक्तीला विरोध करावा, मराठी शाळांसाठी भांडावं, मीही मोर्च्यात चालले आहे. पण कानातलं कानडी मी कोणाच्या भीतीनं शिकले नाही, आणि रागानं विसरणारही नाही.

जपानहून परतल्यावर मी मामांची गोष्ट दोन मुलांना सांगून पाहिली. एक पुण्यातला नातू. त्यानं सभ्यपणे विचारलं, “मग पुढं काय झालं?” दुसरी मामांची पणती, निपाणीत इंग्रजी शाळेत जाणारी, कानडी दुसरी भाषा. ती ‘बेकेन्री’लाच फुटली, सुनेचं उत्तर तिला ऐकूच आलं नाही, इतकी हसली. मराठी मात्र तिचं अडखळतं. ‘हाल’ म्हणजे काय ते तिला मी समजावून सांगितलं. मग ती पुन्हा हसली, या खेपेला आईकडे बघून.

मामांना जाऊन पंचवीस वर्षं झाली. कट्टा पाडून तिथं गाळे झाले. त्यांच्या आवाजातलं काही आहे का, म्हणून मी त्या दिवाळीत नातेवाइकांकडे चौकशी केली. सगळ्यांचे फोटो आहेत, आवाज कोणाकडे नाही. शेवटी मावशीच्या माळ्यावरच्या खोक्यात, आरत्यांच्या कॅसेटींत, एक कॅसेट निघाली. वर कोणीतरी ‘मामा, बारसं’ असं पेन्सिलनं लिहिलेलं. बेळगावात एकाकडून ती साफ करून घेतली. मूल रडतंय, कुकरची शिटी होते, आणि मग लांबून गवळणीची हाक येते. तीच गोष्ट, सबंध. सुनेचं उत्तर येतं आणि लोक असे हसतात की पुढचं काही ऐकू येत नाही. पण मामा थांबलेले नाहीत. हसण्याच्या खाली ते आणखी एक वाक्य बोलताहेत, चार-पाच शब्दांचं.

मी मावशीला ऐकवलं. मावशी एक्क्याऐंशीची, कान शाबूत. ती म्हणाली, “तुला ठाऊक नाही होय? शेवट सुनेचा नव्हताच. शेवट गवळणीचा. सून दार लावते, तर गवळण बाहेरून म्हणते, ‘तुमचे हाल मला सांगा की, आणि माझं हाल तुम्ही घ्या!’”

मी धाकट्या मामेभावाला विचारलं. तो म्हणाला, “छे, तसं काही नव्हतं. बाबांना खोकला यायचा, ते ‘जरा पाणी दे गं’ म्हणताहेत.”

दोघंही त्या बारशाला हजर होते. कॅसेट माझ्याकडे आहे, आणि तो तुकडा मी आतापर्यंत कितीदा मागे नेऊन ऐकला असेल कोण जाणे. ‘घ्या’ असं काहीतरी लागतं, की ‘गं’? संक्रांतीला पणती राहायला येणार आहे. तिचे कान लहान आहेत. तिला ऐकवून बघते.